नवशिक्या डायव्हरने जोडीदाराशिवाय पाण्यात उतरावे का?

निपाणी भागातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने गोव्यात स्कूबाचा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचा, ‘ओपन वॉटर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि स्वतःचा मास्क, फिन्स (पायात घालायचे पंख) व खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटरही घेतला आहे, परंतु त्याच्या मित्रमंडळींत दुसरा कोणी डायव्हर नाही. मालवणला किंवा मुरुडेश्वरला गेल्यावर बोटीवर जो अनोळखी मनुष्य वाट्याला येईल त्याच्याबरोबर उतरावे लागते, आणि असा मनुष्य पाण्यात शिरताच आपल्या वाटेने निघून जातो. ‘अशा जोडीदारापेक्षा एकट्याने डाइव्ह करायला शिकणे अधिक सुरक्षित नाही का, आणि त्याच्या सरावासाठी हिडकल धरणाच्या पाण्यात उतरलो तर चालेल का?’ असे त्याचे म्हणणे आहे.

दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ‘एकट्याने कधीच कोणी उतरू नये’ असे माझे मत नाही. अनुभवी माणसे एकट्याने उतरतात आणि त्यासाठी रीतसर प्रशिक्षणही उपलब्ध आहे. पॅडी या प्रशिक्षण संस्थेचा ‘सेल्फ-रिलायंट डायव्हर’ आणि एसडीआय या दुसऱ्या संस्थेचा ‘सोलो डायव्हर’ हे दोन्ही अभ्यासक्रम त्यासाठीच आहेत. त्या दोन्हींत प्रवेशासाठी किमान 100 डाइव्हची नोंद मागितली जाते. ओपन वॉटरचे प्रमाणपत्र मात्र खुल्या पाण्यातील अवघ्या 4 प्रशिक्षण-डाइव्हनंतर मिळू शकते, आणि ते ‘जोडीदारासह, 18 मीटरपर्यंत, ज्या परिस्थितीत शिकलात तशाच परिस्थितीत’ या मर्यादेत दिलेले असते. या 4 आणि 100 यांच्यामधल्या अंतरात नेमके काय घडते, हे समजून घेतले की प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

जोडीदाराकडून नवशिक्याला तीन गोष्टी मिळतात: हवेचा दुसरा साठा, दुसरी नजर आणि दुसरा निर्णय. यांपैकी पहिली गोष्ट बाजारात विकत मिळते, दुसरी काही अंशी सवयीने येते, आणि तिसरी पाण्याखाली घालवलेल्या वेळेखेरीज कशानेही येत नाही.

प्रथम हवेचा विचार करू, कारण येथे आकडे स्वच्छ बोलतात. आपल्याकडे बोटींवर सर्रास दिसणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 11 लिटरचा असतो आणि तो 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे माप, पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे 1 बार असतो) भरला म्हणजे त्यात साधारण 2,200 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा मनुष्य 18 मीटरवर, जेथे दाब 2.8 बार असतो तेथे, मिनिटाला 56 लिटर हवा संपवतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक होतो. आता 18 मीटरवर एकाची हवा संपली आणि दोघे एकाच सिलिंडरवर आले असे समजू. पृष्ठभागाच्या मापाने प्रत्येकी मिनिटाला 30 लिटरचा हिशेब धरला, तर एकमेकांना धरून स्थिर होण्याच्या पहिल्या मिनिटात सुमारे 170 लिटर, मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर येण्याच्या दोन मिनिटांत सुमारे 230 लिटर, आणि 5 मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा-थांब्यासाठी 270 लिटर, म्हणजे एकूण 670 लिटर हवा लागते. सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजवर हे सुमारे 60 बार होतात. हवा अगदीच तोकडी पडली तर तो थांबा सोडता येतो, कारण खोली आणि वेळेच्या ठरलेल्या मर्यादेतल्या डाइव्हमध्ये तो जादा खबरदारी म्हणून घेतला जातो. परंतु ‘50 बार उरले की वर यायचे’ हा बोटीवर ऐकू येणारा नियम 18 मीटरवर दोघांना पुरत नाही, हे एवढ्या हिशेबावरून दिसते. म्हणून मी नवशिक्या जोडीला 100 बारवर परत फिरायला आणि 70 बार होण्यापूर्वी वर यायला सुरुवात करायला सांगतो.

हाच हिशेब एकट्यासाठी केला तर निम्मी, म्हणजे 330 ते 340 लिटर हवा लागते, आणि 3 लिटरच्या छोट्या जादा सिलिंडरमध्ये 600 लिटर सहज मावतात. त्यामुळे स्वतंत्र रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचे साधन) असलेला जादा सिलिंडर घेतला की जोडीदाराची गरज संपली, असा युक्तिवाद केला जातो, आणि हवेपुरता तो बरोबरही आहे. अडचण अशी की तो सिलिंडर योग्य क्षणी हातात येण्यासाठी आपली हवा संपत चालली आहे हे आधी ध्यानात यावे लागते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातील 947 डायव्हर्सच्या मृत्यूंचे विश्लेषण 2008 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या घटनांत अपघाताची सुरुवात कशामुळे झाली हे ठरवता आले, त्यांपैकी 41 टक्के घटनांत सुरुवात अपुऱ्या हवेपासून, 20 टक्के घटनांत कशात तरी अडकण्यापासून आणि 15 टक्के घटनांत उपकरणातील अडचणीपासून झाली होती. हवा अपुरी पडणे हे बहुधा गेज न पाहिल्याचे फळ असते. चार डाइव्ह झालेल्या माणसाचे लक्ष मास्कमध्ये आलेले पाणी, कानांतला दाब, वर-खाली होणारे शरीर आणि समोरचा मासा यांतच खर्च होते, त्यामुळे गेज पाहायचे राहून जाते. जोडीदाराने बोटांनी ‘किती बार?’ असे विचारले की ते पाहावे लागते. हे अगदी साधे काम आहे, पण नवशिक्यासाठी जोडीदाराचा सर्वांत मोठा उपयोग मला त्यातच दिसतो.

अडकण्याचे म्हणाल तर आपल्या किनाऱ्यावर तुटून राहिलेली मासेमारीची जाळी ठिकठिकाणी खडकांना गुंतलेली असतात, आणि गोव्यातील ग्रँडे बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजासारख्या ठिकाणी दोऱ्या व तारा यांचीही भर पडते. जाळे बहुधा सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या पट्ट्याला मागच्या बाजूने अडकते, म्हणजे जेथे स्वतःचा हात आणि डोळा दोन्ही पोचत नाहीत तेथे. मागे असलेला मनुष्य ते अर्ध्या मिनिटात सोडवतो. एकटा मनुष्य गोल फिरून पाहू लागतो आणि जाळे अधिक गुंडाळून घेतो.

दुसऱ्या नजरेचे काम पाण्यात उतरण्यापूर्वीच सुरू होते. एकमेकांची तपासणी आपल्याकडे फार उरकून टाकली जाते. तरंगणे सांभाळणारे जॅकेट फुगते का आणि रिकामे होते का, खाली जाण्यासाठी लावलेली वजने आहेत का आणि कोणत्या हाताने सुटतात, बकले कोणकोणती आहेत, दोन्ही रेग्युलेटरमधून (एक स्वतःचा, दुसरा गरजेला जोडीदाराला देण्याचा) श्वास येतो का, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. त्यातही एक बारकावा मी हटकून करून घेतो: गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास घ्यावेत. काटा स्थिर राहिला तर ठीक, परंतु प्रत्येक श्वासागणिक तो खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला आहे असे समजावे. असा व्हॉल्व्ह बोटीवर पुरेशी हवा देतो आणि 15 मीटरवर, जेथे प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा लागते, तेथे श्वास जड करतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, निर्णयाकडे वळतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागात आपल्यापैकी बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकले. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधलेला आणि काठावर काका किंवा मामा उभा, अशीच ती शाळा होती. त्यामुळे पाण्याची भीती आपल्याला सहसा नसते, आणि हीच गोष्ट स्कूबात घात करू शकते. विहिरीतल्या पोहणाऱ्याच्या अंगात दोन सवयी पक्क्या मुरलेल्या असतात: पाण्याखाली श्वास रोखून धरायचा आणि काही बिनसले की जोर लावून वर यायचे. दाबाखालची हवा घेणाऱ्या डायव्हरसाठी या दोन्ही सवयी प्राणघातक आहेत. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथे भरलेले फुप्फुस श्वास रोखून वर आणले तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. काठोकाठ भरलेल्या फुप्फुसाला अशी इजा व्हायला दीड मीटरही पुरेसे होते. अभ्यासक्रमात हे सर्वांना शिकवले जाते आणि परीक्षेत सर्वजण बरोबर लिहितात. परंतु नाकात पाणी गेल्यावर अंग शिकवलेले न ऐकता मुरलेलेच ऐकते. अशा क्षणी समोर येऊन दंड धरणारा, डोळ्यांत पाहून ‘थांब, श्वास घे’ अशी खूण करणारा मनुष्य असला, तर पुढचे दहा सेकंद निभावतात आणि बहुतेक वेळा तेवढेच निभावायचे असतात.

घाबरलेल्या माणसाला आपण घाबरलो आहोत हे स्वतःला फार उशिरा कळते. श्वास उथळ व जलद होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, त्यामुळे हवा पुरत नाही असे वाटते, आणि मग श्वास आणखी जलद होतो. हे चक्र बाहेरून पाहणाऱ्याला बुडबुड्यांच्या वेगावरूनच ओळखता येते. अनुभवी मनुष्य ते स्वतःच्या बाबतीतही ओळखतो, कारण त्याने ते पूर्वी अनेकदा सुरू होताना अनुभवलेले असते आणि थांबून, काहीतरी धरून, लांब श्वास सोडून ते मोडलेलेही असते. एकट्याने उतरण्याच्या अभ्यासक्रमांना नोंदींचा मोठा आकडा लागतो, त्याचे खरे कारण माझ्या मते हे आहे. जादा सिलिंडर वापरायला तर एका दिवसात शिकवता येते.

‘अनोळखी जोडीदार हाच धोका आहे’ या तक्रारीत मात्र बरेच तथ्य आहे. कॅमेऱ्यात डोळे घालून बसलेला, दहा मीटर पुढे पोहणारा आणि एकदाही मागे वळून न पाहणारा मनुष्य कागदोपत्री जोडीदार असतो, पण त्याच्याबरोबर गेलेला नवशिक्या प्रत्यक्षात एकटाच असतो. किंबहुना त्याची अवस्था एकट्याहून वाईट असते, कारण तो मदत आहे असे गृहीत धरून वागत असतो. यावर उपाय पाण्याखाली सापडत नाही, तो बोटीवर करावा लागतो. सिलिंडर चढवण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे की तुमच्या किती डाइव्ह झाल्या, शेवटची कधी झाली, तुमचा दुसरा रेग्युलेटर कोठे लावलेला आहे, आणि हवा संपली तर तुम्ही मला कोणता द्याल. सर्वाधिक खोली किती, किती बारवर फिरायचे आणि पुढे कोण राहणार, हे ठरवून घ्यावे. एकमेकांपासून अंतर इतकेच असावे की श्वास सोडलेल्या अवस्थेतही दोन-तीन फिनच्या फटकाऱ्यांत पोचता येईल. मालवणच्या पाण्यात दृश्यता बऱ्याचदा काही मीटरांवर येते, तेव्हा हात लांब केला की लागेल इतकेच अंतर हवे. चुकामूक झाली तर एक मिनिट जागच्या जागी फिरून, वर-खाली बुडबुडे शोधावेत आणि न दिसल्यास बेताच्या वेगाने वर यावे. दुसऱ्यानेही तेच करायचे आहे, हे आधी बोललेले असेल तरच या नियमाला अर्थ राहतो. खुणाही एकदा करून पाहाव्यात. वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’, हे ठाऊक असूनही आनंदाच्या भरात अंगठा दाखवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचे जोडीदार बिचारे आज्ञाधारकपणे वर गेलेले असतात.

हे सर्व विचारल्यावर समोरचा माणूस त्रासला किंवा हसण्यावारी नेऊ लागला, तर बोटीवरील इन्स्ट्रक्टरला जोडी बदलून मागावी. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला तो हक्क आहे. जोडी मिळतच नसेल तर इन्स्ट्रक्टरला किंवा गाइडला स्वतःचा जोडीदार म्हणून वेगळे शुल्क देऊन घ्यावे. सहा जणांच्या पुढे पोहणारा गाइड वाट दाखवत असतो, तो त्या सहांपैकी कोणाचाही जोडीदार नसतो. तारकर्ली-मालवणला पर्यटकांसाठी जी वीस-एक मिनिटांची डाइव्ह होते, तिच्यात इन्स्ट्रक्टर पाहुण्याचा सिलिंडर धरूनच असतो. ती सुरक्षित असू शकते, परंतु तिच्यातून मिळालेला आत्मविश्वास स्वतंत्र डाइव्हसाठी मोजू नये.

हिडकलचा प्रश्न स्वतंत्रपणे घ्यावा लागेल, कारण आपल्या भागात तो मोह खरा आहे. घटप्रभेवरील हा जलाशय पूर्ण भरल्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे 660 मीटर उंचीवर असतो. प्रशिक्षण संस्था 300 मीटरच्या वर उंचीवरील डाइव्हचे वेगळे नियम लावतात, कारण पृष्ठभागावरचा हवेचा दाब कमी असल्याने वर येताना शरीरातील, म्हणजे दाबाखालच्या श्वासातून मुरलेला, नायट्रोजन बाहेर पडण्याचे प्रमाण बदलते आणि समुद्रासाठी केलेली खोली-वेळेची कोष्टके जशीच्या तशी लागू पडत नाहीत. त्यातच पाणी गोडे असते, आणि गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते. गोवा-मालवणला जुळवलेली वजने तशीच घेऊन उतरलात तर दोन-अडीच किलो जास्तच होतील आणि गढूळ तळाकडे तुम्ही अपेक्षेपेक्षा लवकर पोचाल. तळाशी बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा आणि जुनी बांधकामे असतात. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यात बाहेर येते, हे सर्वांना माहीत आहे आणि ते पाण्याखाली असताना आत जाऊन पाहावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डोक्यावर छप्पर असलेल्या जागेत सरळ वर येण्याचा मार्गच नसतो, आणि तेथे शिरण्याचे प्रशिक्षण सर्वस्वी वेगळे आहे. कोणत्याही धरणाचे दरवाजे, कालव्याचे तोंड किंवा पाणी उपसणाऱ्या पंपांची जागा यांच्याजवळची ओढ वरून दिसत नाही, आणि एकदा तिने धरले की फिन मारून सुटता येत नाही. पाटबंधारे खात्याच्या परवानगीचा मुद्दा तर वेगळाच आहे. धरणाच्या पाण्यात जोडीदारासहही नवशिक्याने उतरू नये. उंचीचे प्रशिक्षण घेतलेला, ते पाणी ओळखणारा इन्स्ट्रक्टर सोबत असेल तरच त्याचा विचार करावा.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती पुस्तकांत सापडत नाही. गावात कोणी स्कूबा शिकून आला आहे हे कळले की विहिरीत, खाणीच्या डबक्यात किंवा नदीच्या डोहात कोणी बुडाल्यावर लोक त्याच्या दारात येतात. रडणारे नातेवाईक समोर असतात, पोलीस पाटील किंवा सरपंच शब्द टाकतात, आणि ‘तुझ्याकडे सामान आहे, बघ की जरा’ या वाक्याला नाही म्हणणे फार जड जाते. तरीही नाही म्हणावे. शून्य दृश्यतेत, दोर धरणारा प्रशिक्षित मनुष्य काठावर नसताना, हातांनी तळ चाचपत शोध घेणे हे अग्निशमन दलाचे आणि आपत्ती निवारण पथकांचे काम आहे. त्यांनाही त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. नवशिक्याने काठावर थांबून करण्यासारखे पुष्कळ असते: शेवटचे कोठे दिसले ती जागा खुणेने पक्की करणे, काठावरील गर्दी आवरणे, इतर पोरांना उड्या मारू न देणे.

जोडीदाराचे काम बोटीवर परतल्यावर संपते असा समज आहे, आणि घाटावरच्या लोकांसाठी तो विशेष चुकीचा आहे. बेळगाव शहर सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि चोर्ल्यासारखा किंवा आंबोलीसारखा घाट चढल्याशिवाय आपल्याला घरी पोचता येत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानप्रवासासाठी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबावे, अशी मार्गदर्शक शिफारस आहे. ती विमानातील सुमारे 600 ते 2,400 मीटर उंचीइतक्या दाबासाठी केलेली आहे. आपला रस्ता त्या पट्ट्याच्या खालच्या टोकात बसतो. म्हणून दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढण्याचा बेत मला पटत नाही. डाइव्ह पहिल्या दिवशी कराव्यात, रात्री किनाऱ्यावर राहावे आणि दुसऱ्या दिवशी उशिरा निघावे. सांध्यांत दुखणे, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, चालताना तोल जाणे किंवा अकारण गळून गेल्यासारखे वाटणे ही अशा बुडबुड्यांची लक्षणे वर आल्यावर काही तासांनीही दिसू शकतात. ज्याला ती होतात तो बहुधा ‘सिलिंडर उचलल्याने खांदा धरला आहे’ असे म्हणून झोपून जातो. सोबतच्याने ती ओळखावीत, शक्य असल्यास शुद्ध ऑक्सिजन द्यावा, आणि डॉक्टरांना ‘हा आज डाइव्ह करून आला आहे’ हे सर्वांत आधी सांगावे. आपल्या भागातील दवाखान्यात हे न सांगता ओळखले जाईल अशी अपेक्षा धरू नये. एकट्याने गाडी चालवत घाट चढणाऱ्या डायव्हरसाठी हे सांगणारा कोणीच नसतो.

तेव्हा त्या तरुणाला माझे सांगणे असे आहे की जादा सिलिंडरसाठी बाजूला ठेवलेले पैसे यंदा एखाद्या भावाच्या किंवा मित्राच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात घालावेत. निपाणी, कोल्हापूर, बेळगाव या टापूत शोधले तर त्याच्यासारखेच जोडीदाराविना अडलेले दोन-चार जण सापडणे अवघड नाही. एकच माणूस पक्का झाला की ऑक्टोबर ते मेच्या हंगामात दोघांनी शक्यतो त्याच त्या ठिकाणी, 10-12 मीटरच्या आत उतरावे आणि प्रत्येक डाइव्हच्या शेवटी, 5-6 मीटरवर असताना, हवा वाटून घेण्याचा सराव एकदा तरी करावा. पुढच्या हंगामात इन्स्ट्रक्टरबरोबर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाच्या खोल पाण्याचा विचार करता येईल. एकट्याने उतरण्याचा प्रश्न नोंदवहीत शंभरावी डाइव्ह लिहिल्यानंतर पुन्हा काढावा. तोपर्यंत त्याला ते करावेसे वाटेलच, याची मला खात्री नाही.